डिस्प्ले येत नाही: ग्राफिक्स कार्डावरच्या संशयाचा इतिहास

जोगेश्वरीत घरोघरी असेंबल्ड कॉम्प्युटर येऊ लागले, त्या काळात एक वाक्य आम्ही सतत ऐकायचो: ‘डिस्प्ले येत नाही.’ पंखा फिरतोय, दिवा लागलाय, पण मॉनिटर काळाच. पाठोपाठ निकाल ठरलेला: ‘कार्ड गेलं.’ आज आम्हाला या निकालाचाच इतिहास सांगायचा आहे. तो अनेकदा चुकायचा आणि त्याची किंमत घरातली माणसं मोजायची.

सुरुवातीला यंत्र स्वतःच बोलायचं. 1981 च्या आयबीएम पीसीपासून बीपच्या आवाजावरून दोष ओळखायची पद्धत रूढ झाली. एक लांब, दोन आखूड बीप म्हणजे गडबड डिस्प्लेच्या बाजूला. पण म्हणजे कार्डच मेलं असं नव्हे. कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलेलं नसलं तरी तक्रार तीच. मुंबईच्या दमट, धुळकट हवेत कार्डाच्या सोनेरी पट्ट्यांवर मळाचा थर धरायचा. त्यावर उपाय होता शाळेचा खोडरबर. कार्ड काढायचं, पट्ट्या हलकेच पुसायच्या, पुन्हा घट्ट बसवायचं. निम्म्या भानगडी इथेच मिटायच्या.

पुढे कार्डांची ताकद वाढली, तशी भूकही. 2004 च्या सुमारास पीसीआय एक्स्प्रेस बाजारात आलं. त्याचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त 75 वॅट वीज देतो. त्यावर लागली तर एसएमपीएसमधून वेगळी वायर आणावी लागते. त्याच वर्षांत मदरबोर्ड आणि एसएमपीएसमधले निकृष्ट कपॅसिटर फुगून फुटण्याची साथ जगभर पसरली होती. म्हणजे दोष वीज पुरवणाऱ्यात, आणि आळ कार्डावर.

आमच्याच घरची गोष्ट. धाकटा भाऊ लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करायचा. काम जड झालं की पडदा काळा व्हायचा आणि मशीन आपोआप रीस्टार्ट. ‘कार्ड गेलं,’ असं एका दुकानदाराने न तपासताच सांगितलं. आईच्या भिशीचे पैसे घेऊन आम्ही स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून नवीन कार्ड आणलं. जुनं कवडीमोलाने बदल्यात दिलं. तिसऱ्या रात्री पुन्हा काळोख! शेवटी शेजाऱ्यांचा एसएमपीएस लावून पाहिला, तर मशीन रात्रभर सुरळीत चाललं. जुनं कार्डही बहुधा धडधाकट होतं, पण ते तपासायला हातात राहिलं नव्हतं.

कार्ड खरोखर मरतच नाही, असं आमचं म्हणणं नाही. जुलै 2008 मध्ये एनव्हिडियाने लॅपटॉपमधल्या आपल्या काही चिप सदोष असल्याचं मान्य करून 15 ते 20 कोटी डॉलर बाजूला काढले. चिप तापून आणि थंड होऊन तिचे सांधे दगा द्यायचे. मग गरम हवेने चिप शेकायचा उपाय कारागिरांत पसरला. कार्ड त्याने काही दिवस जगायचं, पण तो इलाज नव्हता, मुदतवाढ होती.

सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं आणि दिवसरात्र राबलेली कार्डं जुन्या बाजारात आली. तिथे संशय रास्तच. पण तपासाचा क्रम तोच.

तो क्रम स्वस्ताकडून महागाकडे जाणारा. आधी मॉनिटरची केबल. मग कार्ड काढून, बोर्डाला स्वतःचा डिस्प्ले असेल तर त्यावर चालवून पाहा. मग खोडरबर. विंडोज सुरू होऊन चित्र बिघडत असेल तर सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर काढा. मग उसना एसएमपीएस. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही. सगळ्यात शेवटी आपलं कार्ड दुसऱ्याच्या मशीनमध्ये लावा. तिथेही पडदा काळा राहिला, तरच म्हणा: कार्ड गेलं. आणि तोवर जुनं कार्ड कुणाला देऊ नका.