उपग्रहसंकेतांतील तोतया

पानिपतच्या संग्रामानंतर (१७६१) सदाशिवरावभाऊंच्या नावाने पुढे आलेल्या इसमास १७७६ मध्ये पुण्यात देहान्त शिक्षा झाली. तोतया हा केवळ लबाड नव्हे. खऱ्याच्या खुणा दाखवून तो खऱ्याची जागा घेतो. उपग्रहांच्या साहाय्याने होणाऱ्या स्थाननिश्चितीस आज जो धोका संभवतो, त्याचे यथार्थ वर्णन याच शब्दाने होते. संकेत दडपून टाकणे निराळे आणि बनावट संकेत खरा म्हणून पुढे करणे निराळे. पहिल्या प्रकारात ग्राहकयंत्र मुके होते व मनुष्य सावध होतो. दुसऱ्यात ते निःशंकपणे चुकीचे स्थान सांगत राहते.

या दुर्बलतेचे एक कारण भौतिक आहे. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. त्यांचा संकेत पृथ्वीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की, जवळचा लहानसा प्रक्षेपकही त्यावर सहज मात करतो. दुसरे कारण ऐतिहासिक आहे. ही पद्धती अमेरिकी सैन्यासाठी १९७३ पासून आखली गेली. सप्टेंबर १९८३ मध्ये मार्गभ्रष्ट झालेले कोरियन प्रवासी विमान सोव्हिएट हद्दीत पाडले गेले, तेव्हा अध्यक्ष रेगन यांनी ती नागरी उपयोगास खुली करण्याचे आश्वासन दिले. सैनिकी संकेतास गूढलिपीचे संरक्षण मिळाले. नागरी संकेताची रचना मात्र जाहीर राहिली. ती जाहीर होती म्हणूनच जगभर ग्राहकयंत्रे निघाली. परंतु शिक्कामोर्तब नसलेल्या पत्राप्रमाणे तिची नक्कलही शक्य झाली.

अमेरिकेतील व्होल्प केंद्राच्या अहवालाने २००१ मध्येच हा दोष दाखविला होता. २०१३ मध्ये टॉड हम्फ्रीज यांच्या टेक्सास विद्यापीठातील गटाने, मालकाच्या संमतीने, भूमध्य समुद्रात एक नौका मार्गावरून वळवून दाखविली. जून २०१७ मध्ये काळ्या समुद्रातील जहाजांची यंत्रे त्यांचे स्थान किनाऱ्यावरील विमानतळावर दाखवू लागली. भारतात डिसेंबर २०२५ मध्ये सरकारने संसदेत दिलेल्या माहितीत, अशा प्रसंगांची नोंद झालेल्या विमानतळांत दिल्लीबरोबर मुंबईचाही उल्लेख होता.

तथापि हा प्रश्न केवळ सागराचा व आकाशाचा नाही. पिंपरी-चिंचवड व चाकण येथे तयार होणाऱ्या वाहनांशीही त्याचा निकट संबंध आहे. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-१४० या मानकान्वये सार्वजनिक प्रवासी वाहनांत स्थानदर्शक यंत्र व संकटकाळी दाबावयाचे बटण असते. बटण दाबल्यावर मदत धाडावयाची ती यंत्राने सांगितलेल्या ठिकाणी. तेथे तोतया संकेत बोलत असेल, तर संकटग्रस्त प्रवासी एकीकडे व मदत दुसरीकडे, असे घडू शकेल. चालक कोठे थांबला याविषयी वाद उद्भवल्यास त्याच्या शब्दापेक्षा यंत्राचीच साक्ष ग्राह्य धरली जाण्याचा संभव अधिक.

यावर उपाय नाहीत असे नाही. युरोपच्या गॅलिलिओ पद्धतीने २०२५ मध्ये आपल्या नागरी संदेशास सत्यतेची अंकीय मुद्रा जोडली. भारताच्या नाविक पद्धतीमुळे आणखी एक साक्षीदार मिळाला. मात्र तिचाही नागरी संकेत खुलाच असल्याने तेवढ्यावर विसंबता येत नाही. चाकांच्या फेऱ्या, दिशा व वेग यांच्या नोंदी वाहनातच होऊ शकतात. दूरच्या प्रक्षेपकास त्या बदलता येत नाहीत. इतिहाससंशोधक एकाच कागदावरून निर्णय देत नाही. चालकाविरुद्ध यंत्राचा पुरावा ग्राह्य धरण्यापूर्वी या नोंदींशी तो ताडून पाहण्याचा नियम असणे अगत्याचे आहे.