ओझे आणि वेग : ‘सुपर-पॉवर’ इंजिनाची कुळकथा

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील मालगाडीला, चढावर इंजिनाला ओढवेल तितके ओझे जोडण्याचा प्रघात होता. चालक, फायरमन आणि ब्रेकमन तेवढेच ठेवून वाघिणी वाढवल्या की दर टनामागचा खर्च उतरतो, हा हिशेब चुकीचा नव्हता. मात्र त्यात वेळ धरलेला नव्हता. त्याचे टोक म्हणजे बाल्डविन कारखान्याने १९१४ साली इरी रेल्वेसाठी बांधलेले ‘ट्रिपलेक्स’ इंजिन. टेंडरखालीही सिलिंडर बसवून त्याची ओढ, म्हणजे चाकांच्या कडेशी मिळणारे बळ, इतकी वाढवली होती की चाचणीत त्याने सुमारे अडीचशे वाघिणी ओढल्या. परंतु सहा सिलिंडरांना पुरेल इतकी वाफ त्याच्या बॉयलरला पुरवता येईना. धुराड्यातून सुटणारी वापरलेली वाफच भट्टीत हवा खेचून आग फुलवते, आणि येथे तर तिच्यातील निम्मी टेंडरमागच्या नळीतून वाया जाई.

ओढ आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे शक्ती. गाडी हलवताना ओढीची मर्यादा सिलिंडर आणि रुळांवरील चाकांची पकड ठरवतात, तर वेग वाढल्यावर ती बॉयलर ठरवतो, कारण वाफेची मागणी वाढत जाते. १९१६ च्या अॅडमसन कायद्याने रेल्वे कामगारांचा दिवस आठ तासांचा ठरवून जादा वेळेला मोबदला लावल्यावर संथ गाडी महाग पडू लागली. म्हणून गाडीचे एकूण वजन गुणिले तिने तासाभरात कापलेले मैल हे माप खरे महत्त्वाचे : ताशी १० मैलांनी नेलेले ३,००० टन तासाला ३०,००० टन-मैल देतात, ताशी २० मैलांनी नेलेले २,००० टन मात्र ४०,०००.

लिमा कारखान्याच्या विल्यम वुडर्ड यांनी नेमका बॉयलर हाती घेतला. १९२५ च्या त्यांच्या ‘ए-१’ या ‘सुपर-पॉवर’ इंजिनाला १०० चौरस फुटांची शेगडी होती, आणि तिचा भार पेलण्यासाठी मागे दोनऐवजी चार चाके दिली होती. ओढणारी चाके मात्र जुन्या ‘मिकाडो’ इंजिनाइतकीच, आठ. १४ एप्रिल १९२५ रोजी सेलकर्कहून १,६९१ टन घेऊन मिकाडो निघाले आणि ४७ मिनिटांनी ए-१ त्याच्यामागे २,२९६ टन घेऊन सुटले. बर्कशायरच्या डोंगरचढावर त्याला गाठून ते नॉर्थ अॅडम्स जंक्शनला दहा मिनिटे आधी पोहोचले. ही चाचणी ज्या मार्गावर झाली, त्या बोस्टन अँड अल्बनी रेल्वेने याच धाटणीची इंजिने मागवली आणि त्या डोंगरांवरूनच या प्रकाराला ‘बर्कशायर’ हे नाव पडले.