रामेन, पौना आणि उस्मानिया बिस्किट

मागील दिवाळीच्या सुटीत आमच्या नातीने आम्हा उभयतांना ज्युबिली हिल्स भागातील एका छोट्या जपानी भोजनगृहात नेले. "आजोबा, इतिहास नुसता वाचता, एकदा खाऊनही पाहा," असे तिचे म्हणणे. निवृत्त माणसाला सबब सांगण्याचीही सोय राहत नाही, गेलो. आत टेबले मोजकीच होती. मुख्य बैठक म्हणजे स्वयंपाकघराला लागून असलेली एक लांब लाकडी फळी आणि तिच्यापुढे ओळीने मांडलेली उंच आसने. आचाऱ्याकडे तोंड करून आणि अनोळखी शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून जेवावयाचे. समोर खोल वाडगा येतो. त्यात वाफाळता रस्सा, रश्श्यात पिवळसर लांब शेवया आणि वर ज्याच्या त्याच्या पसंतीचे पदार्थ. आम्ही दोघे शाकाहारी, म्हणून आमच्या वाडग्यात अळंबी, कांद्याची पात, सोयाबीनचे पनीर आणि मिसो म्हणजे आंबविलेल्या सोयाबीनचा कालविलेला गोळा. काड्यांनी शेवया उचलून 'सुर्र' असा आवाज करीत त्या ओढून घेणे हेच तेथे शिष्टसंमत. लहानपणी ताक पिताना असा आवाज केला तर आजीचा धपाटा ठरलेला असे.

सौभाग्यवतींनी एक शेवई चिमटीत दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "या आपल्याच शेवया की! पण ह्यांत पापडखार घातलेला दिसतो." मी हसलो. नातीने मात्र लगेच आपल्या फोनवर शोध घेतला आणि हसू माझ्यावरच उलटले. रामेनच्या पिठात 'कान्सुइ' नावाचा खार घालतात. सोडा आणि पोटॅश यांच्या कार्बोनेटांचा तो बनलेला असतो. त्यानेच शेवईला पिवळी झाक आणि रबरासारखा ताण येतो, गरम रश्श्यातही ती विरघळत नाही. आपल्या पापडखाराचा हा सख्खा भाऊच. ज्या बाईने चाळीस वर्षे उन्हाळ्यात पापड लाटले, शेवया वळल्या, कुरडया घातल्या, तिच्या बोटांना जे क्षणात कळले, ते मला पुढे महिनाभर पुस्तके चाळून कळावयाचे होते.

चाळता चाळता पहिला धक्का बसला तो असा की, रामेन हे मुळात जपानी नव्हेच. १८५९ साली योकोहामा बंदर परदेशी व्यापाराला खुले झाले आणि त्या गावात चिनी लोकांची वस्ती वाढली. त्यांच्या खानावळींतील गव्हाच्या शेवयांना जपानी लोक 'नान्किन सोबा' म्हणजे नानकिंगच्या शेवया म्हणत. पुढे 'शिना सोबा' हे नाव रूढ झाले. 'शिना' म्हणजे चीन. परंतु युद्धकाळात ह्या शब्दाला तुच्छतेचा वास चिकटला, म्हणून युद्धानंतर 'चुका सोबा' हे सभ्य नाव पुढे आले आणि सरतेशेवटी 'रामेन' स्थिरावले. एका पदार्थाची नावे बदलत गेली, त्यांत दोन शेजारी देशांच्या संबंधांचा अर्धा इतिहास आला.

१९१० मध्ये टोकियोच्या असाकुसा भागात 'राइराइकेन' नावाचे भोजनगृह निघाले. रामेनच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे. त्याचे संस्थापक ओझाकी कान्इची हे योकोहामाच्या जकात खात्यातील नोकर. आमच्याच बिरादरीतला माणूस! जकातीची टिपणे लिहिता लिहिता ह्या गृहस्थाने चिनी वस्तीतील शेवयांची चव हेरली, नोकरी सोडली, योकोहामाहून बारा चिनी आचारी आणले आणि कामगार, नाटकाचे प्रेक्षक, रस्त्यावरून जाणारे येणारे अशा सामान्य लोकांसाठी स्वस्त दरात वाडगे भरावयास सुरुवात केली. ह्या पदार्थाला कोणी राजाश्रय दिला नाही. रात्री हातगाडी ओढत 'चारुमेरा' नावाची सनईसारखी पिपाणी वाजवीत फिरणाऱ्या विक्रेत्यांनी तो गल्लोगल्ली नेला. गंमत अशी की, ते वाद्य आणि त्याचे नाव ही दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेली. चिनी शेवया, पोर्तुगीज पिपाणी आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाच्या टंचाईत आलेले अमेरिकन गव्हाचे पीठ, एवढे सगळे एकत्र आल्यावर जे तयार झाले त्याला आज जग जपानी खाणे म्हणते. १९५८ साली हाच पदार्थ वाळवून पाकिटात घालणारे मोमोफुकू आन्दो हेसुद्धा जन्माने तैवानचे. त्यांच्या युक्तीचे भावंड १९८३ साली मॅगीच्या रूपाने आपल्या घरात शिरले, हे आमच्या पिढीतील प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे.

पण पदार्थ येणे निराळे आणि तो तोंडात घालण्याची मुभा मिळणे निराळे. रामेनचा रस्सा हाडे आणि मांस उकळून करतात, आणि जपानात इसवी सन ६७५ मध्ये तेम्मू ह्या सम्राटाने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड व कोंबडी यांचे मांस वर्षातील काही महिने निषिद्ध ठरविले होते. पुढे बौद्ध आचाराच्या प्रभावाने चतुष्पादांचे मांस कित्येक शतके शिष्टांच्या ताटातून दूर राहिले. आजारपणाचे निमित्त करून चोरून खाणारे अर्थातच होते. ते कोठे नसतात? १८७२ च्या जानेवारीत सम्राट मेइजी यांनी आपण गोमांस खाल्ल्याचे जाहीर होऊ दिले आणि एका घासाने तो निर्बंध सैल झाला. आपल्याकडे त्यानंतर अठरा वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये जमलेल्या मंडळींपुढे चहा आणि बिस्किटे आली. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी ती नावे छापून आणली आणि एवढ्याशा चहावरून ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. दोन्हीकडे प्रश्न पोषणाचा नव्हताच. कोणाच्या हातचे आणि कोणाच्या पंक्तीला, हा होता.

येथे हैदराबादचा धागा येतो. १९२२ साली निजाम सरकारचे शिक्षण संचालक सय्यद रॉस मसूद जपानला गेले. हे सर सय्यद अहमद खान यांचे नातू आणि इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांचे स्नेही. 'अ पॅसेज टु इंडिया' ही कादंबरी त्यांनाच अर्पण केलेली आहे. जपानी शिक्षणपद्धतीवरील मसूद यांचा अहवाल १९२३ मध्ये ग्रंथरूपाने निघाला. पौर्वात्य राष्ट्र पाश्चात्त्य विद्या आत्मसात करते ती स्वतःच्या भाषेतून, ही गोष्ट त्यांना विशेष भावली, आणि ते स्वाभाविकच होते. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकापासून अभियांत्रिकीपर्यंत सारे उर्दूतून शिकविण्याचा प्रयोग सुरू होता. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते होते, हजारो पारिभाषिक शब्द घडविले जात होते. प्रयोग धाडसी होता ह्यात शंका नाही, आणि त्याचा उपहास करणे मला कधीच मान्य झालेले नाही. देशी भाषेतून उच्च शिक्षण होऊ शकते, हे त्याने दाखवून दिले.

मात्र जपानी विद्यार्थ्याला जपानी ही घरची भाषा होती. निजामाच्या राज्यात जवळपास निम्मे लोक तेलुगूभाषी, सुमारे चौथा हिस्सा मराठीभाषी, त्याखालोखाल कन्नडभाषी. उर्दू मातृभाषा असलेले थोडे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा काढून मराठीचा दिवा ह्या शहरात लावला, त्यामागची निकड ह्या आकड्यांत आहे. मसूद यांनी जपानकडून घेतलेला धडा खरा होता. तो ज्या घरात लावला त्या घराची भाषा वेगळी होती.

माझे वडील परभणी जिल्ह्यातून शिकावयास हैदराबादला आले ते १९४८ पूर्वी. उर्दू माध्यमातून शिकले. त्रिकोणाला ते शेवटपर्यंत 'मुसल्लस' म्हणत आणि मला भूमिती शिकविताना आधी उर्दू शब्द उच्चारून मग मराठी आठवत. पोलीस कारवाईनंतर विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झाले आणि त्यांच्या पिढीला तीच विद्या पुन्हा तिसऱ्या भाषेत शिकावी लागली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्याची वाटणी झाली तेव्हा आमचे काका मुंबई राज्यात गेले, वडील आंध्र प्रदेशाच्या सेवेत येथेच राहिले. तक्रार त्यांनी कधी केली नाही. उर्दू त्यांना आवडे, एवढेच नव्हे तर त्यांनी मला ती लिपी शिकविली. घरात आजी मराठी, कचेरीत इंग्रजी, बाजारात तेलुगू. उर्दू वापरावयाची ती इराण्याकडे.

मी सात-आठ वर्षांचा असताना वडिलांनी मला आबिड्सवरील एका इराण्याकडे प्रथम नेले. संगमरवरी टेबले, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, भिंतीवर आरसे. "दो पौने," वडील म्हणाले. पौना म्हणजे दुधाचा, दाट, कडक चहा; शेजारी बशीत उस्मानिया बिस्किटे. शेजारच्या टेबलावर हमाल होता, पलीकडे वकील, त्यापलीकडे कोणी कवी असावा असा दाढीवाला. कोणी कोणाला आडनाव विचारीत नव्हते. त्या काळी शहरात निराळी ब्राह्मण उपाहारगृहे होती. त्यांच्या मानाने हे दृश्य केवढे वेगळे, हे मला पुष्कळ नंतर उमगले. निघताना वडील म्हणाले, "घरी बोलू नकोस." बोलावे लागलेच नाही. ओसरीवर पाय ठेवताच सोवळ्यातली आजी म्हणाली, "इराण्याच्या चहाचा वास मिशांना येतो हो." वडिलांना त्या रात्री स्वयंपाकघरात पान मिळाले नाही, माझीही आंघोळ झाल्यावाचून देवघराचा उंबरा ओलांडू दिला नाही.

ही इराणी मंडळी याझ्द, केरमान ह्या भागांतून निघाली, मुंबई-पुणे करीत दक्षिणेत पोहोचली. मुंबईतील इराण्यांत जरथुष्ट्री पुष्कळ, हैदराबादेत बहुतेक शिया मुसलमान. इराणात चहा बिनदुधाचा. दूध आटवून त्याचा पौना झाला तो आपल्या देशी. 'इराणी चहा' इराणात मिळत नाही, हे रामेनच्या कथेचेच दुसरे टोक. हलीमचेही तसेच. अरबस्तानातील हरीस येथे मसाल्यांत आणि तुपात घोटले गेले आणि २०१० मध्ये भौगोलिक निर्देशनाचा शिक्का घेऊन 'हैदराबादी' म्हणून सरकारदरबारी नोंदले गेले. आमच्या स्वयंपाकघरात खट्टी डाळ आणि मिरचीचे सालन कधी आले ते सांगता येत नाही. कोणी आणले नाही, कोणी आज्ञा केली नाही. ती आली आणि वरणाशेजारी बसली.

आणि ते बिस्किट! सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांचे नाव विद्यापीठाला आहे, रुग्णालयाला आहे. बिस्किटाला ते कसे मिळाले ह्याच्या दंतकथा अनेक. कोणी रुग्णालयातील रोग्यांसाठी ते प्रथम भाजले म्हणतात, कोणी निजामाच्या आवडीचा दाखला देतात. फर्मानाने आणलेले उर्दू माध्यम तीस वर्षांत मावळले, आणि भट्टीवाल्याने आणलेले, किंचित गोड, किंचित खारट बिस्किट मात्र शहराच्या प्रत्येक कोपऱ्यावर आहे. जकात कारकुनाचा वाडगा जपानभर झाला, त्याच्याशी ह्याचे नाते मला जवळचे वाटते. परकी गोष्ट आपलीशी होते ती स्वस्त आणि गर्दीच्या जागी, जेथे माणसे शेजारी बसतात, असे म्हणण्याचा मोह होतो. विद्येला हाच न्याय लावता येईल का, ह्याविषयी मी साशंक आहे. शेवईला परिभाषा लागत नाही.

आजी १९७६ साली गेली. शेवटच्या आजारात तिला काही चालत नव्हते. एके दिवशी तिने आपणहून उस्मानिया बिस्किट मागितले, दुधात बुडवून. कोठून आणले, कोणी भाजले, हे तिने विचारले नाही. वडिलांनी सांगितलेही नाही.

इराणी हॉटेले आता एकेक करून मिटत आहेत. आबिड्सवरील 'ओरिएंट' हे मखदूम मोहिउद्दीन यांच्यासारख्या कवींच्या बैठकींचे ठिकाण केव्हाच गेले. वडिलांनी मला नेले त्या जागी तयार कपड्यांचे दुकान आहे. मुले परदेशी, जागेला सोन्याचा भाव, आणि एका पौन्यावर दोन तास बसणारे गिऱ्हाईक, चालावयाचे कसे? त्या रामेनच्या दुकानात वाडगा संपताच उठावे लागते, मागे रांग असते. तेथील वाढपी मुलगा ईशान्य भारतातला, आचारी नेपाळकडचा, मालक तेलुगू. जपानी माणूस कोणीच नव्हता. त्याचे मला मुळीच आश्चर्य वाटले नाही.

वाडगे संपले, पण चहाची तलफ राहिली. परतताना गाडी थांबवून आम्ही एका अजून तग धरून असलेल्या इराण्याकडे शिरलो. भिंतीवर जुना, कडा उडालेला उर्दू फलक होता. नातीने विचारले, "आजोबा, काय लिहिले आहे?" वडिलांच्या कृपेने वाचता आले: 'सियासी गुफ्तगू मना है', म्हणजे राजकारणावर बोलण्यास मनाई आहे. पलीकडच्या टेबलावर चौघे जण हात उडवीत नेमके तेच करीत होते. ती हसली आणि सौभाग्यवतींसाठी आणखी एक पौना मागविला.