लाल नदीचे कामकरी

स्पेनमधल्या रिओ तिंतोच्या खाणींत तांब्याचं गंधकयुक्त खनिज उघड्यावर ढीग रचून भाजत. त्या धुरानं शेतं करपली, माणसं गुदमरली. ४ फेब्रुवारी १८८८ला विरोध करायला जमलेल्यांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. खाणीतून झिरपणाऱ्या पाण्यात तांबं बिनधुराचंही उतरत होतं; लोखंड टाकून ते अठराव्या शतकापासून गोळा करत. पण भट्टीला महिने लागत, पाण्याला वर्षं. ही करामत जिवाणूंची, हे उमगायला १९४७ उजाडलं. अमेरिकेतल्या कोळसाखाणींच्या आम्लयुक्त पाण्यात कोल्मर आणि हिंकल यांना ते सापडले. त्यांचा संथपणा मात्र अजून खुपतो: खनिजावर साचणारा थर अल्ट्रासाउंडनं झाडून त्यांना वेग द्यायचे प्रयोग आता चालतात.