बगदादचे एक समीकरण आणि दिल्लीचे मास्टर रामचंद्र

शालेय बीजगणितात वर्गसमीकरणांचे प्रकरण आले की ‘विवेचक’ हा शब्द येतो. उर्दू माध्यमात त्यालाच ‘मुमय्यिज’ म्हणतात. विवेचक ऋण निघाला की ‘वास्तव मुळे नाहीत’ असे लिहून विद्यार्थी पुढच्या उदाहरणाकडे वळतो. मात्र या नकारातूनच एक स्वतंत्र रीत उभी करता येते, हे दिल्लीच्या एका शिक्षकाने १८५० मध्ये दाखवून दिले. ती रीत समजण्यासाठी आधी बगदादकडे वळावे लागते.

खलिफा मामूनच्या कारकिर्दीत (इ.स. ८१३ ते ८३३) मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी ‘जब्र व मुकाबला’ या विषयावर आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात चिन्हे नाहीत. संख्यासुद्धा शब्दांत आहेत. अज्ञात राशीला ‘जिज्र’ म्हणजे मूळ, आणि तिच्या वर्गाला ‘माल’ म्हटले आहे. समीकरणांचे सहा प्रकार पाडले असून त्यांतील पाचव्याचे उदाहरण असे: एका वर्गात २१ मिळवले असता बेरीज त्याच्या दहा मुळांएवढी होते, तर मूळ किती? ख्वारिज्मी पायरीपायरीने सांगतात. मुळांची संख्या निम्मी करा, ५ येतील. त्याचा वर्ग २५. त्यातून २१ वजा करा, ४ उरतील. ४ चे वर्गमूळ २. ते ५ मधून वजा केल्यास ३ आणि मिळवल्यास ७. ताळा पाहावा: ९ आणि २१ मिळून ३०, ४९ आणि २१ मिळून ७०. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. त्यानंतर ते एक सूचना देतात, जिच्याकडे सहसा फारसे लक्ष जात नाही. निम्म्या मुळांच्या वर्गापेक्षा दिलेली संख्या मोठी असेल तर उदाहरण अशक्य. दोन्ही समान असतील तर निम्मी मुळे हेच उत्तर.

रामचंद्र यांचा जन्म १८२१ मध्ये पानिपत येथे झाला. दिल्ली कॉलेजात ते पाश्चात्त्य शास्त्रे उर्दूतून शिकवीत. हे कॉलेज मदरसा गाजीउद्दीनच्या जागेत १८२५ मध्ये सुरू झाले होते. महत्तम व लघुतम किमती कलनशास्त्राशिवाय, केवळ बीजगणिताने काढण्यावर त्यांनी इंग्रजीत ग्रंथ लिहिला आणि १८५० मध्ये स्वखर्चाने कलकत्त्यात छापला.

त्यांची रीत एका साध्या उदाहरणावरून समजते. वीस हात दोरीने आयताकृती जागा वेढायची आहे. ती जास्तीत जास्त किती असेल? लांबी व रुंदी मिळून दहा हात. लांबी क्ष धरली तर रुंदी १० − क्ष. क्षेत्रफळ म मानू. म्हणजे क्ष(१० − क्ष) = म. मांडणी बदलली की क्षच्या वर्गात म मिळवल्यास दहा क्ष होतात. हे ख्वारिज्मींचेच समीकरण झाले, फक्त २१ च्या जागी म आला! आता २५ मधून म वजा करून वर्गमूळ काढायचे आहे. म २५ पेक्षा मोठा घेतला की वर्गमूळ वास्तव राहत नाही. म्हणून म ची कमाल किंमत २५. तेव्हा वर्गमूळ शून्य, लांबी ५, रुंदीही ५. जागा चौरस ठरते. जिथे उदाहरण अशक्य होऊ लागते, तीच महत्तमाची सीमा.

यावरून रामचंद्रांनी ख्वारिज्मींकडून ही रीत उचलली, असे म्हणता येणार नाही. लंडनचे गणितज्ञ ऑगस्टस डी मॉर्गन यांना तिच्यात भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’च्या परंपरेचे पुनरुज्जीवन दिसले. हे मत ग्राह्य असले तरी अपुरे वाटते. रामचंद्रांच्या वर्गाची भाषा उर्दू होती, आणि उर्दूत या शास्त्राचे नावच ‘जब्र-ओ-मुकाबला’ आहे. एका हिंदू कायस्थ घरात जन्मलेला हा शिक्षक दोन्ही परंपरांच्या शेजारात वावरत होता. (१८५२ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हे आणखी निराळे.)

कलकत्त्यात ग्रंथावर प्रतिकूल टीका झाली. बेथून यांनी मात्र एक प्रत डी मॉर्गन यांच्याकडे पाठवली. त्यांच्या खटपटीमुळे, त्यांच्याच प्रस्तावनेसह, ग्रंथ १८५९ मध्ये लंडनला पुन्हा छापला गेला. मधल्या काळात १८५७ उलटले होते. कॉलेजचे ग्रंथालय लुटले गेले होते आणि रामचंद्र कसेबसे जीव वाचवून निसटले होते. १८८० मध्ये ते वारले. त्यांचे शिष्य मुन्शी जकाउल्लाह (मृत्यू १९१०) यांनी पुढे गणिताची पाठ्यपुस्तके उर्दूत आणण्याचे काम अनेक वर्षे चालवले.