वॉटसन हॉटेल: काळा घोडा परिसरातील लोखंडी सांगाडा

७ जुलै १८९६. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवण्यात आली. भारतातील हा पहिला चित्रपट-खेळ. पुढे अन्यत्रही झालेल्या या खेळांनी भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, यांनी कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये कुस्तीचे चित्रण केले. ज्या वास्तूत हे बीज पडले, ती आज ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने ओळखली जाते.

१८६०च्या दशकात मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला गेला आणि मोकळ्या जागेवर नवे शहर आकारू लागले. कापड व्यापारी जॉन वॉटसन यांनी तेथे ही इमारत बांधली. तिचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने आणला गेला आणि येथे जुळवण्यात आला. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्थानकाच्या प्रचंड छतातही याच अभियंत्याचा वाटा होता. इमारतीचा भार भिंतींनी नव्हे, तर बिडाच्या खांबांनी पेलायचा, ही कल्पना मुंबईला तेव्हा नवीनच होती.

१८९६ मध्येच मार्क ट्वेन येथे उतरले. त्यांच्या प्रवासवर्णनात मुंबईच्या कावळ्यांना मिळालेला मान पाहता हॉटेलमालकाला हेवा वाटावा!

जमशेटजी टाटांना येथे प्रवेश नाकारला गेला व त्यातून ताजमहाल हॉटेल उभे राहिले, ही कथा लोकप्रिय आहे. तिला सबळ पुरावा मात्र नाही. १९०३ मध्ये ताज सुरू झाले आणि वॉटसनचे वैभव ओसरत गेले, एवढे निश्चित.

पुढे हॉटेल बंद झाले. न्यायालये जवळच असल्याने खोल्यांत वकिलांची कार्यालये थाटली गेली. सज्जे बंदिस्त झाले, नवे आडोसे आणि पोटमाळे चढत गेले. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा बळी गेला. जगातील १०० संकटग्रस्त वारसास्थळांच्या यादीतही तिचे नाव आले.

२०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालाने इमारत पाडण्याची शिफारस केली. संवर्धनतज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचे मांडले. भीती निराधार नव्हती. बीड दाब उत्तम सोसते, पण ताण आला की पूर्वसूचना न देता तुटते. मात्र या सांगाड्यावरचा बराचसा भार मूळ आराखड्यातला नव्हताच. तो नंतरच्या पिढ्यांनी चढवलेला. सांगाड्याचे आयुष्य संपले का, हे ठरवण्याआधी तो भार उतरवायला हवा.