सडी स्वारी

नारायण पेठेत मोदी गणपतीवरून पत्र्या मारुतीकडे ज्यांनी कधीकाळी पायी अथवा सायकलीवर जाणे-येणे केले आहे, त्यांना तेथल्या गल्ल्यांची रुंदी निराळी सांगावयास नको. दोन सायकली एकमेकींना सहज ओलांडून जातात. परंतु समोरासमोर दोन मोटारी आल्या म्हणजे एकीला कोणाच्या तरी वाड्याच्या दिंडीपर्यंत मागे सरावे लागते, आणि ते कोणी सरावे यावरचा वाद पेठेच्या लौकिकाला साजेल इतका वेळ चालतो. या पेठेला ज्या काळात सायकलींचे राज्य माहीत होते, त्या काळी 'रोडस्टर' हा इंग्रजी शब्द सायकलीच्या दुकानांतून ऐकू येई. अठ्ठावीस इंची चाके, काळा रंग, सळईचे ब्रेक आणि पाठीमागे भक्कम कॅरिअर, अशी जी सायकल, ती रोडस्टर. युरोप-अमेरिकेत मात्र त्याच शब्दाने एका अगदी निराळ्या वाहनाचा बोध होतो. दोनच माणसांची, उघडी, बुटकी, वेगाने पळणारी मोटार. तिला पक्के छप्पर नाही, तिच्यातल्या कित्येकींना दारेसुद्धा नाहीत. ऊन लागते, पाऊस लागतो, धूळ नाकातोंडात जाते, सामान म्हणावे तर एका पिशवीपुरती जागा. अशा गाडीला इतकी वर्षे झाली तरी गिऱ्हाईक तुटत नाही, हे एक कोडेच होय.

शब्दापासून आरंभ करणे बरे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रज लोक रोडस्टर म्हणत तो घोड्याला. शर्यतीचा नव्हे, गाडा ओढणारा नव्हे, तर स्वाराला घेऊन लांबचा रस्ता बिनतक्रार कापणारा. पुढे सायकल आली तेव्हा तो शब्द घोड्यावरून उतरून सायकलीवर बसला, आणि विसाव्या शतकात अमेरिकेत तो मोटारीच्या वाट्यास आला. १९१६ साली तेथील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने त्याची व्याख्याही करून टाकली : दोघा-तिघांना बसता येईल अशी उघडी गाडी.

आता असा घोडा पुण्याच्या माणसाला परका नाही. भीमथडीच्या तट्टांची कीर्ती महाराष्ट्रात कोणी ऐकली नाही? दिसावयास लहानखुरे, खाण्यास थोडे, डोंगरात आणि दुष्काळात तगणारे हे जनावर. अरबी घोड्याच्या शेजारी ते उभे केले तर कोणी त्याकडे वळूनही पाहू नये. परंतु त्याच्या पाठीवर बसणारा स्वार सडा असे. 'सडी फौज' हा आपल्या बखरींतला आणि पत्रव्यवहारातला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. तंबू नाही, तोफ नाही, बाजार नाही, बायकामुले नाहीत; घोडा, भाला आणि जीनाला बांधलेली शिदोरी एवढाच संसार. याच्या उलट शब्द 'बुणगे'. म्हणजे फौजेबरोबर चालणारे आणि लढाईस निरुपयोगी असे सारे लटांबर.

ज्या नारायणराव पेशव्यांच्या नावाने ही पेठ वसली, त्यांचे आजोबा थोरले बाजीराव. १७२७-२८ च्या मोहिमेत निजामाने पुणे गाठले, तेव्हा पुणे राखावयास धावून येण्याऐवजी बाजीराव सड्या फौजेनिशी निजामाच्याच मुलखात घुसले, आणि जालना, बऱ्हाणपूर, खानदेश, गुजरात असा त्याला आपल्यामागे फरफटत हिंडविला. निजामाचा तोफखाना त्या काळी दक्षिणेत नावाजलेला. परंतु पाठलागात तोफाच मागे राहिल्या, आणि फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेड येथे त्याची फौज पाण्यावाचून कोंडली गेली. मार्चात मुंगी-शेवगावचा तह झाला. याच बाजीरावांचे पुत्र नानासाहेब यांच्या कारकिर्दीत मराठी फौज पानिपतावर गेली ती अवजड तोफा, यात्रेकरू आणि बुणगे यांसह. १४ जानेवारी १७६१ ला काय झाले ते मराठी माणसाला सांगावयास नको. पानिपताची कारणे पुष्कळ आहेत आणि सारा दोष बुणग्यांच्या माथी मारणे न्यायाचे नाही. परंतु बापाच्या आणि मुलाच्या काळातील फौजांच्या वजनातला फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे.

सायकलीच्या बाबतीत शब्दाने एक मौजेची कोलांटी खाल्ली. विलायतेतून आलेली रोडस्टर येथे इतकी जड आणि मजबूत होत गेली की ती हलक्या स्वारीची न राहता हमालाची बहीण झाली. दुधाच्या किटल्या, पिठाचे डबे, पुढच्या दांडीवर मूल आणि मागे पत्नी, असा सारा संसार तिने पुण्यात वाहिला. रात्री दिवा नसला तर पोलीस अडवी, आणि नगरपालिकेचा बिल्ला नसला तरी अडवी. थोडक्यात, सायकलीला बुणगे चिकटले. आणि त्याच सुमारास मोटारीने ते झाडून टाकण्यास प्रारंभ केला.

इंग्लंडमध्ये १९२२ पासून ऑस्टिन-सेव्हन नावाची लहानशी स्वस्त मोटार निघत असे. १९२९ पासून एम. जी. कारखान्याने मॉरिसच्या साध्या मोटारीवर लाकडाचे आणि कापडाचे हलके अंग चढवून आपली मिजेट बाजारात आणली. दुसऱ्या महायुद्धानंतर निघालेल्या तिच्या टी. सी. नामक वंशजेच्या सुमारे १०,००० गाड्या १९४९ पर्यंत विकल्या गेल्या. तोवर सपाट, लांब, पलंगासारख्या मोटारी हाकणाऱ्या अमेरिकनांना या कडक धक्क्यांच्या गाडीने एक नवाच छंद लावला. परंतु हलकेपणाचे शास्त्र ज्याने शेवटास नेले तो पुरुष त्या वेळी लंडनमध्ये विद्यार्थी होता.

कॉलिन चॅपमन याचा जन्म १९२८ चा. लंडन विद्यापीठात तो बांधकामाची अभियांत्रिकी शिके, आणि शिकता शिकता जुन्या मोटारींची खरेदी-विक्री करी. १९४७ साली सरकारने खासगी मोटारींचे पेट्रोल बंद केले, धंदा बुडाला, आणि हाती एक न विकली गेलेली ऑस्टिन-सेव्हन उरली. ती मोडून, तिच्यावर प्लायवूड आणि ॲल्युमिनियमचे अंग बसवून १९४८ साली त्याने पहिली 'लोटस' तयार केली. येथे त्याची विद्या लक्षात घेण्यासारखी आहे. पूल बांधणाऱ्याला तुळईत कोठे ताण येतो आणि कोठे धातू फुकट बसलेला आहे, हे पाहण्याची सवय असते. चॅपमनने तीच दृष्टी मोटारीकडे लावली. इंजिनाची शक्ती वाढविली तर गाडी सरळ रस्त्यावर अधिक पळेल. परंतु वजन घटविले तर ती पळेलही अधिक, वळेलही अधिक चपळ आणि थांबेलही लौकर.

१९५७ साली त्याने लोटस-सेव्हन काढली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे सायकलीसारखे चाकांवरचे उघडे मडगार्ड, आणि ११७२ घनसेंटिमीटरचे साधे फोर्ड इंजिन, शक्ती अवघी चाळीस घोड्यांची. वजन साडेचारशे-पाचशे किलोंच्या दरम्यान. श्रोत्यांनी आपल्या ओळखीची ॲम्बेसिडर मनापुढे आणावी. ती अकराशे किलोंहून जड. सेव्हन सुट्या भागांनीही मिळे, कारण इंग्लंडात तयार मोटारीवर खरेदी-कर असे, सुट्या भागांवर नसे. भागांबरोबर जोडणीची पुस्तिका देण्यास बंदी होती. म्हणून कंपनी गाडी सुटी कशी करावी याची पुस्तिका देई, आणि गिऱ्हाइकाने ती शेवटाकडून वाचावी, अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो वा नसो, गाडी ज्याने आपल्या हाताने जोडली त्याला तिच्यातील एकही खिळा अनोळखी राहत नसे, एवढे निश्चित. तिच्या आकर्षणाचे अर्धे रहस्य येथेच आहे.

पुढची हकीकत तर अधिक बोलकी आहे. १९७० साली लोटसने सेव्हनची चौथी आवृत्ती काढली. फायबरग्लासचे गुबगुबीत अंग, ऐसपैस जागा, पावसापासून बरा बचाव. शहाण्या व्यापाऱ्याने करावी अशीच सुधारणा. १९७३ साली लोटसने सेव्हनमधून हात काढून घेतला, आणि कॅटरहॅम या गावच्या एका विक्रेत्याने तिचे हक्क घेतले. त्याने थोडे दिवस ती चौथी आवृत्ती करून पाहिली, आणि १९७४ पासून तो मुकाट्याने तिसऱ्या, म्हणजे जुन्या उघड्याबोडक्या आवृत्तीकडे परतला. आजही कॅटरहॅमची गाडी त्याच वळणाची निघते. अलीकडे तिच्यातल्या सर्वांत लहान गाडीला सुझुकीचे ६६० घनसेंटिमीटरचे इंजिन बसविले आहे. आपल्याकडील मारुतीचे ज्यांनी पहिले दिवस पाहिले त्यांना सुझुकी हे नाव परके वाटणार नाही.

मात्र या हलकेपणाची किंमत पैशांत मोजून भागत नाही. शर्यतीच्या मैदानावर चॅपमनच्या गाड्यांनी जितकी पदके जिंकली तितकीच त्यांच्या ठिसूळपणाची कुजबूजही झाली. ७ एप्रिल १९६८ रोजी जर्मनीतील होकेनहाइम येथे जिम क्लार्क हा त्या काळचा अग्रगण्य शर्यतपटू लोटसमध्ये मरण पावला. योखेन रिंट याने तर गाडीच्या नाजूकपणाविषयी चॅपमनला पत्र लिहून तक्रार केली होती. ५ सप्टेंबर १९७० रोजी इटलीत मोंझा येथे सरावाच्या वेळी तो गेला, आणि त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. शर्यतीची गाडी आणि रस्त्यावरची सेव्हन या एक नव्हेत, हे खरे. तथापि कोणता भाग फुकटचा आणि कोणता प्राण राखणारा, ही रेषा ओढणारा हात माणसाचाच असतो आणि तो चुकतो. आज सरकारे मोटारीत हवेच्या पिशव्या आणि मजबूत पोलादी पिंजरा असावा म्हणून सक्ती करतात, त्यामागे अशा मृत्यूंचा दीर्घ हिशेब आहे. उघड्या गाडीच्या शौकिनांनी त्या कायद्यांना नावे ठेवताना हा हिशेब विसरू नये.

जपान्यांनी यात मध्यम मार्ग काढला. १९८९ साली माझदाने एम. एक्स.-५ ही छोटी उघडी गाडी शिकागोच्या प्रदर्शनात मांडली. इंग्लंडातील जुने कारखाने त्या वेळी बहुतेक बुडाले होते. त्यांची गाडी जपान्यांनी, पाऊस न गळणारी आणि सकाळी हटकून सुरू होणारी अशी, नव्याने केली. २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख प्रती निघाल्या. माझदाच्या अभियंत्यांनी आपल्या ध्येयाला नाव घेतले ते 'जिंबा इत्ताई', म्हणजे घोडा आणि स्वार यांचे ऐक्य. घोड्यावरून बाण मारणाऱ्या जपानी वीरांच्या विद्येतला हा शब्द. रोडस्टर पुन्हा घोड्यापाशी आली ती अशी.

आपल्या महाराष्ट्रातही या घराण्याची एक शाखा निघाली, आणि तीही अलिबागेस, हे पुष्कळांना ठाऊक नसते. चिंकारा मोटर्स या लहानशा कारखान्याने या शतकाच्या पहिल्या दशकात लोटस-सेव्हनच्या धर्तीवर 'चिंकारा रोडस्टर' ही दोन आसनांची गाडी हातांनी बांधली. अंग फायबरग्लासचे, इंजिन सुमारे १८०० घनसेंटिमीटरचे इसुझू, म्हणजे कॉन्टेसात आणि उत्तरकालीन ॲम्बेसिडरमध्ये बसत असे तेच! मंत्र्यासंत्र्यांना आणि त्यांच्या फायलींना वाहणारे ते यंत्र, ओझे काढून घेताच हरिणासारखे पळू लागले. आणि गाव तरी कोणते? आंग्र्यांचे. त्यांच्या आरमारातील हलकी, वल्ह्यांनी चालणारी गलबते कंपनीच्या थोराड जहाजांना वारा पडला म्हणजे कशी घेरीत, हे इतिहासाला माहीत आहे.

चिंकाऱ्याच्या गाड्या थोड्याच झाल्या. त्याचे एक कारण पैशाचे. पण दुसरे आपल्या समाजाच्या मनात आहे, आणि ते समजून घेण्यास आणखी एका गाडीकडे पाहावे लागेल. २००८ च्या जानेवारीत टाटांनी दिल्लीस नॅनो दाखविली. तिच्या घडणीचे पुष्कळसे काम पुण्यात झाले होते. वजन सुमारे सहाशे किलो, इंजिन ६२४ घनसेंटिमीटर, वायपर एक, आरसा एक, चाकाला नट तीन. काटछाटीच्या दृष्टीने पाहिले तर चॅपमनने शाबासकी द्यावी अशी ही गाडी. आणि हेतू तर त्याहून थोर, कारण पावसात स्कूटरवर चौघे जाणारे कुटुंब पाहून ती सुचली. परंतु लोकांनी ती घेतली नाही, आणि २०१८ मध्ये तिचे उत्पादन थांबले. सर्वांत स्वस्त गाडी म्हणून तिचा गाजावाजा झाला ही चूक होती, असे पुढे रतन टाटांनी स्वतः म्हटले. सेव्हनमध्ये एक आरसा कमी असला तर तो मालकाने नको म्हटलेला असतो. नॅनोत कमी असला तर तो मालकाला परवडला नाही असे शेजारी म्हणतो. ज्याच्या आजोबांनी डबलसीट सायकलीवर आणि वडिलांनी स्कूटरवर संसार ओढला, त्याला मोटारीकडून छप्पर हवे असते, दार हवे असते, आणि दार लावल्यावर होणारा जड आवाजही हवा असतो. त्याला हसणे अत्यंत चुकीचे होईल.

तथापि हे चित्रही बदलत आहे. रविवारी पहाटे नारायण पेठेतून नदी ओलांडून खडकवासल्याकडे निघणारी काही तरुण मंडळी दिसतात. त्यांच्या सायकलींना मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, घंटी नाही. वजन पुरते दहा किलोसुद्धा नाही, आणि किंमत कित्येकदा मोटारसायकलीहून अधिक. निघताना ती बोळात ज्या दिंडीपाशी चाकांत हवा भरतात, तेथेच आत जिन्याखाली एखादी जुनी काळी रोडस्टर भिंतीला टेकलेली असते. मागे कॅरिअर, पुढच्या दांडीवर मुलासाठी बसविलेली छोटी गादी, आणि हँडलला दिव्यासाठी लावलेली पट्टी.